ऐंशी नंबरचा पेपर

९ ऑगस्ट

— आणि मी बाबांच्या हातातून पॉलिश पेपर ओढून घेतला. ऐंशी नंबरचा! तो लाकूड खातो. माझ्या ईराचा लाकडी नंदी काल दोनशे वीसच्या बारीक पेपरवर गुळगुळीत झाला होता. बाबांनी गालाला लावून "झाला" म्हटलं होतं. तान्ह्या पोळ्यासाठी फक्त चाकं बसवायची राहिली होती. आज सगळा पुन्हा ओरबाडलेला.

"काऊन ओढते वं? खरखरीत हाय अजून."

"तुम्हीच केला, बाबा. आत्ता."

"मी? मी कायले करीन!"

आयटीआयच्या पोरांना बाबांनी जन्मभर हेच शिकवलं — जाड्या पेपरवरून बारीक पेपरवर जायचं, मागे फिरायचं नाही.

११ ऑगस्ट

आज बाबा परत मागे फिरले.

१३ ऑगस्ट

या हवेत पेपर सादळतात, दाणे सुटतात. म्हणून ते बिस्किटांच्या डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीसोबत. भुसा अडकला की बाबा जुन्या टूथब्रशनं झाडतात. यात हात अजून चुकत नाही. नंबर तेवढे चुकतात.

मी डबा लपवला. दुपारभर बाबा गाद्या उचलून पाहत होते. आई म्हणाली, "देऊन टाक ना. लहान पोरावाणी रडून राह्यले."

दिला.

१६ ऑगस्ट

युक्ती केली. ऐंशीचे पेपर मागच्या फरशीवर घासून बोथट केले आणि डब्यात ठेवले. बाबांनी एकावर अंगठा फिरवला. "हा मेला." दुसरा. "हाही मेला!" तळाशी एक कोरा होता. माझ्या नजरेतून सुटलेला. त्यांच्या अंगठ्यातून नाही सुटला.

१९ ऑगस्ट

डाव्या शिंगाचा खुंट उरलाय. उजवंही जातंय. शेजारच्या कौशल्याबाई कुंपणावरून — "मास्तर, बैलाले उपाशी ठेवता का? हाडकला ना!" बाबा खूप हसले. मीही हसले. मग आत जाऊन तोंड धुतलं.

ईराला विचारलं, बाजारातला आणू? "नको. आबाजींचाच." थोड्या वेळानं — "शिंगं परत येतील?"

२० ऑगस्ट

नाही येणार. सांगितलं नाही.

२२ ऑगस्ट, पोळा

उद्या तान्हा पोळा, गल्लीतली सगळी मुलं नंदी ओढत निघतील. दुपारी बाबांचा डोळा लागला तेव्हा चाकं ठोकली, दोरी बांधली, नंदी कपाटावर ठेवला. शिंगं गेली. कान आहेत. सकाळी बाबा पाहतील आणि पेपर मागतील. मागू देत! ईरा एकदा ओढून आली की घासा म्हणेन, पार संपेपर्यंत.

२३ ऑगस्ट

सकाळी नंदी खाली काढला. बाबांनी मांडीवर घेतला. डोळे मिटून गालाला लावला.

"छान घासला. कोणाचा हात हाय हा?"

"आबाजी, तुमचाच!" ईरा ओरडली.

ते हसले. नंदी तिला परत दिला.

पेपर मागितला नाही.