मुकादमाने आणलेले अंगठे

सोमवार, दिवेलागण

आज सायलीने, माझ्या नातीने, सगळे अंगठे परत केले. शाळेतली मानसतज्ज्ञ होण्यासाठी तिला यंदा दहा मुलांच्या चाचण्या घ्यायच्या आहेत, त्याही आईबापांच्या संमतीने. म्हणून मी कारखान्याजवळच्या ऊसतोड टोळीचा मुकादम गाठला. त्याने "सरकारी कागद हाय" म्हणत अर्ध्या तासात संमतीपत्रांवर दहा अंगठे आणून दिले. किती खूश झालो होतो मी!

"आबा, अंगठा कशाला दिला, हे त्यांना ठाऊक आहे का?"

"टोळीत मुकादमच ठरवतो समदं, पोरी."

"मग हे मला चालत नाही. वर्ष गेलं तरी."

दहाच्या दहा अंगठे वाया. आणि वर्ष खरंच गेलं तर? टोळीच्या कोप्यांपाशी, त्या पाचटाच्या झोपड्यांपाशी, एका बाईने चाचणीचं अर्धवट ऐकून मला विचारलं होतं, "माजं पोरगं येडं ठरवाल का?" मी हसून पुढे गेलो. का हसलो?

आता सायलीकडून दोनदा समजून घेतलंय. वेडं-शहाणं ठरत नाही, मूल कुठे अडतं ते कळतं. चौथी शिकलेल्या मला कळलं, म्हणजे त्यांनाही कळेल. उद्या टोळी फडातून परतली की जाणार, मुकादमाशिवाय. पहिली त्या बाईची कोपी. ती नाही म्हणाली तर नाही, पण तिला उत्तर देऊनच उठणार.