ह्यांच्या गाडीची जागा

३ मार्च, सकाळी
समोरच्या बंद छापखान्याच्या शटरवर पालिकेची नोटीस लागली आहे. तिथे पार्सलचं हॉटेल येणार म्हणे. आत बसायला टेबलं नाहीत, नुसतं घ्यायचं आणि निघायचं. मग गाड्या कुठे लावणार? गल्लीत एकाच बाजूला गाडी लावता येते, आणि ती बाजू आमची. म्हणजे बरोबर ह्यांच्या गाडीची जागा! हरकत नोंदवणारच. मी भांडखोर नाही, पण हा तत्त्वाचा प्रश्न आहे.
ह्यांना फोन केला. मीटिंगमध्ये होते. हल्ली फार मीटिंगा असतात.

५ मार्च
शेजारच्या काकू म्हणाल्या, अगं, पण गाडी तर पावसाळ्यापासून दिसली नाही. मी म्हटलं, ऑफिस लांब पडतं, म्हणून हे तात्पुरते तिकडे राहतात. काकू ‘हो का’ म्हणाल्या आणि वाळलेला टॉवेल उगाच पुन्हा झटकत बसल्या. त्यांना ऑफिसचं काय कळतंय.
जागेवर दोन मोठ्या कुंड्या ठेवते. भलत्याच लोकांना सवय लागायला नको.

९ मार्च
पुरावा हवा. रोज सकाळी कामाला निघण्याआधी जागेचा फोटो काढायचा. पण रस्त्यावर कुंड्या ठेवणं नियमात बसत नाही. मग आधी कुंड्या फाटकाच्या आत ओढायच्या, फोटो काढायचा, पुन्हा बाहेर न्यायच्या. असा विचार दुसऱ्या कुणाला सुचला नसता.
कंबर भरून आली. उद्यापासून व्यायाम.

१४ मार्च
पार्सलवाला घरी आला. तिशीचा असेल. म्हणाला, ताई, लोक उभ्या उभ्या येऊन जातील हो, तुम्हाला कळणारसुद्धा नाही. बायको स्वयंपाक बघणार, हा गल्ल्यावर बसणार. मी सांगून टाकलं, नवरा-बायकोनं एका जागी काम केलं की भांडणं होतात. तर हसून म्हणतो, होतात की, रोज होतात! आत्ताही भांडूनच आलोय.
दार लावून घेतलं. उद्धट माणूस.
व्यायाम राहिला. घरी पाहुणे आल्यावर कसा होणार?

१९ मार्च
चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना ‘आता स्पष्ट दिसतंय का’ विचारून घसा बसला. पालिकेतल्या सुनावणीसाठी आवाज जपायला हवा.
ह्यांचा मेसेज आला! ‘पुढच्या महिन्यात येऊन जातो. सामानाचं एकदा बघायला हवं.’ मी म्हणतच होते. माणूस किती दिवस परक्या घरात काढणार? एवढं सामान परत यायचं म्हणजे जागा नको? ह्यांच्या कपाटात माझे कपडे पसरले होते, ते सगळे वरच्या फळीवर कोंबले. आता जागाच जागा आहे.

२६ मार्च
सुनावणी झाली. मी सगळे फोटो तारखेनुसार टेबलावर मांडले. अधिकारी बाईंनी एकेक नीट पाहिला. मग विचारलं, यात गाडी कुठे आहे? मी म्हटलं, ही ह्यांची जागा. त्या म्हणाल्या, ते कळलं, पण एकाही फोटोत गाडी नाही. सगळ्या फोटोंत जागा रिकामीच दिसतेय.
पार्सलवाला उठून म्हणाला, मॅडम, मला फोटो काढायचं सुचलं नव्हतं, यांचेच माझ्या अर्जाला जोडले तर चालतील का? सगळा हॉल हसला. माझ्याकडे बघून तो मात्र हसायचा थांबला आणि खाली बसला.
बाईंनी आवाज खाली आणून विचारलं, मिस्टर कधी येतात? मी म्हटलं, येणारेत. मग त्या कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिल्या. काच स्वच्छच होती, मला त्यातलं कळतं.
एकंदरीत सुनावणी चांगली झाली. माझा मुद्दा पोचला.

८ एप्रिल
त्यांना परवानगी मिळाली. अट घातली आहे: पार्सल नेणाऱ्यांसाठी एक जागा राखीव, तिथे दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही. जागा आमचीच. पालिकेची माणसं पाटी ठोकून गेली. कुंड्या मात्र न फोडता आत आणून ठेवल्या त्यांनी.
अपील करणार. एकटीनं नाही, हे आले की दोघं मिळून करू. असल्या अर्जांची भाषा ह्यांना छान जमते.

१५ एप्रिल, संध्याकाळी
हे आले. टेम्पो घेऊन आले. रिकामा.
टेम्पो पाटीखालीच लावला. मी म्हटलं, आपलीच जागा आहे, सावकाश होऊ द्या. म्हणाले, नको, नियम आहे. पहिल्यापासून नियमाचे पक्के.
पुस्तकं नेली, इस्त्री नेली, खिडकीतली खुर्ची नेली. कपाट उघडून दाखवलं, बघा, केवढी जागा केलीय. त्यांनी मागे लटकलेला एक कोट काढून घेतला आणि कपाट हळूच लावलं. चहा टाकू का विचारलं, तर ड्रायव्हर खोळंबलाय म्हणाले. खुर्ची एकट्यानं वर चढेना. समोर शटर रंगवणारा पार्सलवाला हातातला ब्रश टाकून आला. त्यानं एका बाजूनं खुर्ची उचलली, आणि परत जाऊन ब्रश हातात घेतला.
पाटीवर दहा मिनिटं लिहिलंय. ह्यांना तेवढीही लागली नाहीत.