मला दोन स्ट्रोक आलेले नाहीत

शहापूर, बेळगाव
रविवार, सकाळ

तीर्थरूप नागेंद्रअण्णांना धाकट्या मंगलचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला? (समोरच्याची प्रकृती आधी विचारावी, मग आपली सांगावी, असं आम्हाला कॉन्व्हेंटात सिस्टरनी शिकवलं होतं. आता आपली सांगते.) मी ठणठणीत आहे. मला एकही स्ट्रोक आलेला नाही, दोन तर नाहीच. तेव्हा उद्या जीप घेऊन मला कायमची निपाणीला न्यायला येऊ नकोस, आणि माझ्या घराला भाडेकरू बघणंही थांबव.

झालं ते असं. आमच्या यांची मोटरसायकल, हे गेल्यापासून बारा वर्षं, पडवीत साड्यांच्या मागाच्या सुट्या भागांखाली पडून होती (दर दिवाळीला तू भंगारात घाल म्हणतोस, तीच). शुक्रवारी मष्णू मेकॅनिकनं ती सुरू केली. त्या आनंदात मी गाडीशेजारूनच वहिनींना फोन लावला आणि ओरडले, "वहिनी, आज टू-स्ट्रोक..." पुढचं "गाडी सुरू झाली" इंजिनाच्या आवाजात गेलं.

"अगं बाई, दोन? कवा गं?"

"सकाळीच."

"मग आता कसं हाय?"

"थरथर हाय थोडी. तेल कमी पडलंय म्हणतो मष्णू."

"मालिश करून घे गं रोज. मी यांना सांगते."

वहिनींनी सांगितलं, तू घाबरलास, भाडेकरूही शोधलास. काल फोनवर तू मला बोलूच दिलं नाहीस, म्हणून हे पत्र. चूक कुणाचीच नाही, पण माझं घर जायची वेळ आली.

त्या धुरकट गाडीत एवढं आहे काय, असं तू विचारशील. अण्णा, तिच्यात फारसं काही नाही, हेच तर तिचं मोठेपण आहे. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं, प्लग पुसायचा, किक मारायची. पिस्टन एकदा वर गेला, एकदा खाली आला की काम झालं. चार स्ट्रोकवाल्यांना त्यालाच दोन खेपा लागतात. म्हणून तर एवढीशी गाडी साड्यांचे गठ्ठे आणि मागं आडवी बसलेली मी, एवढं सगळं घेऊन चिकोडीला जायची. पुढं धुराचे नियम कडक झाले आणि कारखान्यांनी असल्या गाड्या करायचं सोडलं. (नियम बरोबरच होते. मागं बसून तो धूर मीही खाल्लाय.) तरी आजही गल्लीतली पोरं फाटकाशी थांबून विचारतात, "आक्का, देणार काय?" मी न्हाय म्हणते. ती तासभर बघत उभी राहतात.

यांची गाडी कोपऱ्यावर वळली की आवाजावरून मी चहाचं आधण ठेवायची. शुक्रवारी तो आवाज आला आणि मी दोन कप ठेवले. दुसरा मष्णू प्यायला. म्हणाला, "साखर लई घातलीस, आक्का." हे तेवढीच घ्यायचे.

काळजी करू नकोस. ती चालवायचा माझा मुळीच विचार नाही. या वयात कशाला? रोज सकाळी सुरू करीन, आवाज ऐकीन आणि बंद करीन.

तुझी आज्ञाधारक बहीण,
मंगल

ता. क. पत्र पेटीत टाकायला खडेबाजारापर्यंत गाडीवरूनच गेले. (लायसन्स पंचवीस वर्षांचं आहे, वेळच्या वेळी नवं केलेलं. यांनीच शिकवलं. तुला सांगायचं राहिलं.) तिथं ध्यानात आलं की आज रविवार. पत्र मंगळवारी पोचणार आणि तू उद्याच येणार. इंजिन छान तापलं होतं. हे पुढचं निपाणीच्या वाटेवर, संकेश्वरात लिहितेय.

ता. क. दुसरा. तवंदीचा घाट न थांबता चढली.

ता. क. तिसरा, आणि खरं काम. हे गेल्यावर सांभाळायला म्हणून तू नेलेलं गाडीचं आरसी बुक तुझ्या कपाटात आहे. मला ती माझ्या नावावर करून घ्यायची आहे. हे पत्र मी तुमच्या फाटकातूनच वहिनींच्या हातात देऊन आत पाठवतेय. पुस्तक घेऊन तूच फाटकाशी ये, चहाही तिथंच आण. मी आत येणार नाही. एकदा खाली उतरले की तू मला ठेवून घेशील. गाडी चालूच ठेवली आहे.