शेवटचं टेंडर आणि माझी मिशी

५ मार्च. जहाजावर, जेवणानंतर.
अपमान. भर टेबलावर.
स्पीकरवरून इंग्रजीत काहीतरी सांगत होते, त्यात 'टेंडर' ऐकू आलं. मी कान टवकारले. साहजिक आहे, उभी नोकरी टेंडर शाखेत गेली. विचारलं, जहाजवाल्यांनी कसलं टेंडर काढलंय? तर साडू, म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, चमचा खाली ठेवून हसला. म्हणे, दादा, टेंडर म्हणजे छोटी बोट. जहाज बंदराबाहेर लांब उभं राहणार, आपल्याला टेंडरने किनाऱ्यावर नेणार. नुसतं सांगून थांबला नाही. शेजारच्या टेबलावरच्या आजी-आजोबांना भाषांतर करून सांगितलं. तेही हसले.
मेहुणी हसली, ठीक. ही पण हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझ्यावर! हे मी विसरणार नाही.
साडूने मला नावही ठेवलं. टेंडरसाहेब.

६ मार्च
सूड ठरला.
परवा बंदर आहे. जिमच्या ट्रेनरबाई हौशी लोकांना गावातून पळवत नेणार. याला म्हणे साईटसीइंग रन म्हणतात. पळता पळता गाव बघायचं, टेकडीवरच्या दीपगृहाला हात लावायचा, परत जेटीवर. साडू रोज पळतो आणि कुठे कुठे पळाला त्याचा नकाशा सगळ्या नातेवाइकांना पाठवतो. काडीपैलवान मेला. त्याचं नाव यादीत पहिलंच होतं. त्याच्या खाली माझं टाकलं.
तो म्हणाला, दादा, तुम्ही बसने या की, एसी आहे. माझं टाळकंच सरकलं. उभा राहिलो, मिशीवर ताव दिला आणि सांगितलं, तुमच्याआधी दीपगृहाला हात लावला नाही तर मिशी ठेवणार नाही! ही म्हणाली, अहो, काहीतरीच काय, गुडघे बघा आपले. म्हटलं, परवा बघशील.
शाळेत मी रिलेच्या टीममध्ये होतो. राखीव. पण होतो.

७ मार्च
सराव. डेकवर फेरी मारली. थोडी पळत, बाकी विचार करत. वारा उलटा होता.
खेळाडूंनी आदल्या दिवशी भरपूर खावं असं कुठेसं वाचलंय. पास्ता दोनदा घेतला. केक ताकदीसाठी.
जहाजाच्या दुकानातून बूट घेतले. नारिंगी. जरा चावतात, पण काडीपैलवानाच्या बुटांपेक्षा झगझगीत आहेत.
त्याच्या बुटांच्या नाड्या लपवाव्यात असं मनात आलं होतं. नको. सूड स्वच्छ हवा. शिवाय त्याची केबिन बंद होती.

८ मार्च. सकाळी, जेटीवर.
टेंडरने आलो. (बोट. आता मला माहीत आहे.)
खलाशी प्रत्येकाला बजावत होता, लास्ट टेंडर चारला, नंतर थांबणार नाही. मला हसूच आलं. टेंडरची शेवटची मुदत हा मला शिकवणार! मुदतवाढ न मिळालेलं टेंडर मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही.
ही कॅमेरा घेऊन उभी आहे. आज तिचं हसू बंद.

८ मार्च. जरा वेळाने, एका बाकावर.
सुरुवात दणक्यात. शिट्टीच्या आधीच सुटलो. पहिल्या वळणापर्यंत सगळ्यांच्या पुढे होतो. हिच्या फोटोत फक्त मी आणि रस्ता असणार.
वळणानंतर बूट चावले. बसलोय. सगळे पुढे गेले. काडीपैलवान तेवढा थांबला, स्वतःची बाटली दिली, म्हणाला, दादा, पाणी घ्या. शत्रूचं पाणी! सगळं संपवलं. थँक्यू म्हटलं नाही.
काळजीचं कारण नाही. ते लोक माशांचा बाजार, घड्याळाचा मनोरा, जुना पूल असं सगळं बघत लांबून जाणार. दीपगृह मला इथूनच दिसतंय. मी गल्लीतून सरळ.

८ मार्च. दुपारी.
गल्ली सरळ नाही. कुणाच्या तरी परसात निघाली. वाळत घातलेल्या चादरींतून बाहेर आलो तर समोर कुत्रा. तिथून मात्र असा पळालो की साडूने बघायला हवं होतं.
तेवढ्यात उतारावरून आमचीच मंडळी परत येताना दिसली. काडीपैलवान सगळ्यांत पुढे, दीपगृहाला हात लावून आलेला. मला असं बघितलं असतं तर संपलंच. समोर दार उघडं होतं, त्यात घुसलो. न्हाव्याचं दुकान. मऊ खुर्ची, वर पंखा. न्हाव्याने काहीतरी विचारलं. भाषा कुणाला येते? मी ओठांवर बोट ठेवलं, म्हणजे बाबा रे, गप्प राहा, मी लपलोय. तो समजल्यासारखा हसला. अंगाभोवती कापड गुंडाळलं, फेस लावला. गार वाटलं. डोळा लागला.
जागा झालो तेव्हा आरशात माझी आत्या बसली होती.

८ मार्च. संध्याकाळी, केबिनमध्ये, आडवा.
जेटीवर पोचलो तेव्हा चार केव्हाच वाजून गेले होते. टेंडर तिथेच! मुदतवाढ! मी म्हणालो नव्हतो?
पण मुदतवाढ दिली कुणी, तर साडूने. एक पाय जेटीवर, एक बोटीत, हातात दोर घट्ट. खलाशी त्याची बोटं सोडवतोय, बोटीतली माणसं त्याच्या नावाने शंख करतायत, आणि हा पठ्ठ्या हलायला तयार नाही. ही खाली जमिनीवरच फतकल मारून बसलेली. हे आल्याशिवाय मी बोटीत पाय ठेवणार नाही, म्हणत होती. डोळ्यांतून पाणी. त्या दिवशीसारखंच, पण हसत नव्हती.
जेटीवरच्या पहारेकऱ्याने माझं जहाजाचं कार्ड बघितलं. फोटोत मिशी. मला बाजूला काढलं. शेवटी साडूच ओरडला, अहो हेच ते, हेच आमचे टेंडरसाहेब!
मग त्याचं लक्ष माझ्या ओठाकडे गेलं. म्हणाला, दादा, अहो मी थट्टा केली होती, तुम्ही शब्द पाळलात! मी गंभीरपणे मान हलवली. न्हाव्याबद्दल बोललो नाही.

९ मार्च
साडूने टेबलावर सगळ्यांसमोर माफी मागितली. असा शब्दाचा पक्का माणूस पाहिला नाही, म्हणाला. शेजारच्या आजी-आजोबांना भाषांतर करून सांगितलं. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. नंतर केबिनमध्ये येऊन माझ्या टाचांच्या फोडांना मलम लावून गेला. नालायक. असल्या माणसावर सूड उगवायचा तरी कसा?
तो गेल्यावर ही जवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, खुर्चीत डोळा लागला ना? आपल्या न्हाव्याकडेही नेहमी लागतो तुमचा. मी मिशीच्या जागेवर हात ठेवला. मग म्हणाली, नाही सांगणार कुणाला. आणि माझ्या तोंडाकडे बघून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मीही थोडा हसलो. ते धरायचं नाही.
सूड रद्द केलेला नाही. त्याला मुदतवाढ दिली आहे. मिशी येईपर्यंत.