पाखडणीची अठ्ठेचाळीस चित्रं

३ फेब्रु., मंगळ.
नऊ दिवसांनी वही उघडली. उशिराबद्दल माफी. पेन्सिलीचा सगळा वेळ सई घेते. नात अहमदाबादला हाताने चित्रं काढून सिनेमा करायला शिकते. परीक्षेच्या फिल्ममध्ये तिला चार सेकंद आजी तांदूळ पाखडताना हवी, आणि ती आबांनीच काढायची. सेकंदाला बारा, म्हणजे अठ्ठेचाळीस चित्रं. तिचे मार्क सातवी पास माणसाच्या हातात. बी.पी. तपासलं. ठीक.

दोन रीती सांगितल्या फोनवर. पहिल्यापासून एकामागून एक काढत जायचं, नाहीतर आधी मुख्य चित्रं काढून मधली भरायची. "आबा, कुठली ते तुम्ही ठरवा."
ओळीने काढतोय. गॅलरीच्या काचेवर दोन पिना चिकटवल्या, कागदांना भोकं पाडली. कागद हलत नाही, उजेडात मागचं चित्र दिसतं. पिना सुटल्या तर?

५ फेब्रु.
तीस झाली. फडफडवून पाहिली. बायको दर चित्राला थोडी वाढलीय, तिसाव्यात सूप कागदाबाहेर. तिला दाखवायला नको होतं. "मला कुठल्या चक्कीचं पीठ चारलंत?" दाणे आणि कोंडा मात्र झकास उडतात. का ते कळेना.

९ फेब्रु.
दुसरी रीत. मुख्य चित्रं सहा, मधलं अंतर डिव्हायडरने सारखं वाटून घेतलं. चाकणला कंपनीत एकोणतीस वर्षं पत्र्यावर मार्किंग केलं, दोन भोकांतलं अंतर केसभर चुकलं नाही. इथेही नाही. बायको आता मापात. ती बघून म्हणाली, "ह्ये तुमच्या कंपनीतलं मशीन हाय. मी न्हाई."
दाणेही तारेत ओवल्यासारखे. जेवण गेलं नाही.

१० फेब्रु.
हिला गॅलरीत बसवलं. तेच तांदूळ सात वेळा पाखडले. खालच्या वहिनी ओरडल्या, वाळत घातलेल्या कपड्यांवर कोंडा. ही वरून, "आवं, आमचं शूटिंग चाललंय."
पाहिलं. वर जाताना सूप रेंगाळतं, मग मनगट एकदम. सारखं नसतंच.
"सारखं कसं आसंल? तांदूळ जड, कोंडा हलका."
रहाटणीच्या शेतकऱ्याची लेक. इतकी वर्षं समोर पाखडते, मी बघितलं नव्हतं.
म्हणून ठरवलं, ही दुसऱ्या रीतीने, डिव्हायडर कपाटात. थांबते तिथे चित्रं दाट, झटक्यात विरळ. दाणे-कोंडा पहिल्या रीतीने, जाईल तिकडे जाऊ दे.

१७ फेब्रु.
झालं. एकतीस नंबर, ऐन झटक्याचा, बिघडला, दुसरा काढला. फडफडवलं. तीच. झटक्याआधी ओठ मुडपते तेही आलं. ही दोनदा बघून म्हणाली, "व्हय. पर झटक्याला पदर पडलाय की." एकतीस परत काचेवर लावून पदर सावरला.
आज दोन पोळ्या जास्त.

१८ फेब्रु.
निगडीहून कुरिअर. कागद पाच वेळा मोजले, अठ्ठेचाळीस. पावती खिशात, तिची झेरॉक्स कपाटात.

२१ फेब्रु.
पडदा धुवायला काढला. मागे काचेवर एकतीस नंबर.
म्हणजे बिघडलेला गेला. मी कागद मोजले, नंबर वाचले नाहीत. आता ऐन झटक्यात सईचा सिनेमा अडखळणार. फोन बंद तिचा. एकतीसचा फोटो पाठवला. एकच टिक.
"एक दाणा सांडला म्हणून भात कमी पडतूय व्हय?" ही.

२३ फेब्रु.
टिक एकच. कामात असेल. आजारी नसावी.
एकतीस काचेवरून काढवत नाही. सकाळचं ऊन त्यातून येतं, आणि पलीकडे गॅलरीत ही खरीच पाखडत बसते. चहा घेत दोघींना बघतो. पेन्सिलीतलीही आता घरचीच वाटते.
सई, पाकीट पोचलं का, आणि तिथे आजीचा हात अडखळतो का, एवढं लवकर कळव.