अर्ध्या कागदावरची झाडं

३ फेब्रुवारी

कोळशाने काढलेलं पहिलं झाड फाडून टाकलं! खोड म्हणून जे उभं राहिलं, त्याला विजेचा खांब म्हणायचं. पानं मात्र झकास. माझी पानं नेहमीच झकास. त्यावरूनच तर सगळं झालं.

लग्न झाल्यापासून आम्ही एका टेबलावर, एकाच कागदावर काम केलं. खोड आणि फांद्या त्याच्या, पानं माझी. नाटकाचा पडदा असो की शाळेची भिंत, पद्धत हीच. तो डावखुरा, म्हणून डाव्या स्टुलावर. मी उजव्या. म्हणजे कोपरांची भांडणं नकोत. शेवटी आम्हीच भांडलो. ‘तुझ्या पानांखाली माझं खोड कुणाला दिसतच नाही,’ म्हणाला, आणि ब्रशांचा डबा उचलून बहिणीकडे निघून गेला. जा म्हटलं!

आणि इकडे डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना झाडं हवीत. पेशंट बसतात त्या लांब भिंतीवर लावायला. प्रत्येक झाड वेगळ्या माध्यमात, वेगळ्या ढंगाचं. ‘डोळ्यांत थेंब घातले की अंधुक दिसतं हो, तरी बघावंसं वाटेल असं काढा.’ मग म्हणाल्या, ‘दोघं मिळूनच ना?’ ‘एकटी,’ मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. आता निस्तरा!

४ फेब्रुवारी

पुन्हा कोळसा. हात काळे, नाक काळं, पण झाड जमलं. बरं का — जमलं!

८ फेब्रुवारी

आज शाई. बोरू छान टोकदार करून घेतला. शाईत चुकलं की चुकलं, खोडायची सोय नाही. फांदी जिथे फुटते तिथे ती जाड असते, मग हळूहळू बारीक होत जाते — हे तो सारखा सांगायचा आणि मी ऐकल्यासारखं करायचे. हात पानांत गुंतलेले असायचे ना. आज मात्र शब्द न् शब्द आठवला.

फांदी आली! अगदी त्याच्यासारखी. दाखवायला मान वळवली, तर स्टूल रिकामं. मग जे रडू आलं ते चहा करून, पिऊन, कप विसळून झाला तरी थांबेना.

१२ फेब्रुवारी

वन्सं आल्या होत्या. त्याचा मुक्काम त्यांच्याकडेच. भावाच्या बाजूने भांडायला आल्या असतील म्हणून मी पदर खोचून तयार, तर त्या दारातच म्हणाल्या, ‘वहिनी, घेऊन जा हो तुमचं माणूस!’

दिवसभर नुसता बसून असतो म्हणे. पुढ्यात येईल ते गिळतो. डबा उघडलेलासुद्धा नाही. वन्संनी विचारलं, घरी जायला काय पाय मोडलेत? तर म्हणाला, तिला माझी गरज नाही.

गरज नाही! अरे, सकाळी उठून मी दोन कप काढते अजून. हे वन्संना सांगायचं होतं. सांगितलं काय? ‘बरोबर बोलला.’ जीभ आहे की कात्री!

१६ फेब्रुवारी

जलरंग. आज एक युक्ती केली. खोड काढलंच नाही. आजूबाजूला ओला हिरवा, निळा सोडत गेले आणि जेवढा कागद कोरा राहिला तेवढं खोड. न काढलेलंच जास्त उठून दिसतं.

पुरे, बाई. शहाणपणा पुरे.

१९ फेब्रुवारी

तेलखडूच्या ठिपक्यांचं झाड. जवळून पाहिलं तर अंगावर पुरळ उठल्यासारखं, लांबून झाड. मनगट कामातून गेलं. त्याच्याकडून तेल चोळून घ्यायची सवय वाईट.

२२ फेब्रुवारी

जुनी मासिकं फाडून चिकटवलेलं झाड. नुसते त्रिकोण आणि चौकोन. एका पानाच्या जागी साबणाच्या जाहिरातीतल्या बाईचा गाल आलाय. राहू दे. तेवढीच सोबत.

२३ फेब्रुवारी

झालेली सगळी चित्रं भिंतीला टेकवून ठेवली होती. वन्सं आल्या, कमरेवर हात ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेल्या. म्हणाल्या, ‘वहिनी, एक विचारू? सगळी झाडं उजवीकडेच का हो?’

बघते तर काय, खरंच! कोळसा, शाई, ठिपके, सगळी उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने उभी. डावा अर्धा कागद कोरा. एकाही झाडाची एकही फांदी पलीकडे गेलेली नाही! माझ्या स्टुलावर बसून मी माझ्या बाजूचंच काढत होते. त्याची जागा सोडून. ठरवून केलं असतं तर एक वेळ समजलं असतं. हे तर हाताने परस्पर केलं.

‘हल्ली अशीच फॅशन आहे,’ मी म्हटलं. वन्सं फिसकन हसल्या. मीही हसले. मग दोघीही रडलो.

२४ फेब्रुवारी

फोन घेतला. ठेवला. पुन्हा घेतला. काय बोलणार? ‘ये, अर्धा कागद रिकामा आहे’? त्याने हो-नाही काही म्हटलंच नाही तर? नुसतं ‘बरं’ म्हणाला तर? ठेवून दिला.

२७ फेब्रुवारी

शेवटचं झाड. तैलरंग, चांगला मोठा कॅनव्हास. म्हटलं, आता बास. त्याचं स्टूल उचलून गॅलरीत नेलं आणि माझं ओढून टेबलाच्या मधोमध आणलं. इतकं जड कसं झालं होतं कोण जाणे.

बसल्यावर सगळी खोलीच वेगळी. खिडकी भलतीकडे. पण काढलं! अगदी मधोमध, जाडजूड, गाठींसकट. पानं मुद्दाम कमी घातली, खोड दिसावं म्हणून. हे त्याने बघायला हवं होतं. दुसरं कुणी नव्हतं, म्हणून माझी मीच मला शाब्बास म्हटलं, आणि त्या ‘शाब्बास’ने पार ढासळले.

८ मार्च

सगळी झाडं फ्रेमवाल्याकडे पोचवली. आमचा जुना माणूस, दोघांनाही चांगला ओळखतो. ‘साहेब नाही आले?’ ‘बहिणीकडे गेलेत.’ त्याने लगेच मापाची पट्टी काढली.

त्याला दहादा बजावलं — कागदावरची सगळी नीट बांधून ठेव, धूळ बसायला नको. तैलरंगाचं तेवढं उघडं राहू दे. अजून पुरतं वाळलेलं नाही. बोट लावलंस तर बघ!

१० मार्च

वन्संचा फोन. ‘वहिनी, दादाने डबा उघडला!’ काल सकाळपासून काहीतरी काढत बसलाय, कुणी जवळ गेलं की कागद पालथा घालतो.

‘हो का,’ एवढंच म्हटलं मी. मोठी लागून गेले ना मी! फोन ठेवला आणि टेबल पुसलं. केस विंचरले. पुन्हा टेबल पुसलं. गॅलरीतून स्टूल आत आणलं, धुतलं, कोरडं केलं, डावीकडे ठेवलं. माझं उजवीकडे सरकवलं.

दारावर जरा वाजलं की धावत जातेय. या वयात!

१२ मार्च

फ्रेमवाल्याकडे गेले. तो म्हणाला, ‘काल साहेब येऊन गेले. हातात गुंडाळी होती. उलगडून दाखवली मला — डावीकडे खोड, फांद्या उजवीकडे निघालेल्या आणि पुढे सगळं कोरं. म्हणाले, बाकीचं तिचं काम, तिला दे. मग तुमचं ते तैलरंगाचं झाड दिसलं. बराच वेळ बघत उभे होते. “एकटीने छान केलंय,” म्हणाले. कागद परत गुंडाळला आणि घेऊन गेले.’

‘आणि बाकीची? बाकीची नाही बघितली?’

‘ती कुठून बघणार, ताई? बांधलेली होती ना. तुम्हीच बजावलं होतं.’