डोनरला काही होत नाही

२० फेब्रुवारी २००७
हैदराबादहून वर्ध्याला, पिपरी मेघेच्या खोलीवर परत. चौदा दिवसांपूर्वी माझं साठ टक्के लिव्हर थोरल्या भावाला, रूपरावदादाला दिलं. उरलेलं तीन महिन्यांत वाढून पहिल्यासारखं होतं म्हणतात. माझं दीड महिन्यात होईल, कारण मी निर्व्यसनी. सोमवारपासून कृषी केंद्रात कामावर. मालक भैय्याजींना शब्द दिलाय.

२१ फेब्रुवारी
बघायला येणाऱ्यांसाठी घरमालकीण शकुंतलाबाईंकडून दोन खुर्च्या आणल्या. साखर भरून ठेवली. कोणी आलं नाही. लोकांना कळायला वेळ लागतो.

२५ फेब्रुवारी
दादाला बघायला आर्वीहून अठरा माणसं हैदराबादला गेली म्हणे. एवढ्या प्रवासाने थकली असतील. माझ्याकडे सावकाश येतील.

४ मार्च
ताप. पोट टम्म. गॅस आहे. ओवा घेतला.

१३ मार्च, नागपूर
गॅस नव्हता. कापलेल्या जागेतून पित्त गळून पोटात साचलं होतं. पोट पुन्हा उघडलं. डॉक्टर म्हणाले, काही डोनरांना होतं असं. भैय्याजींनी आणून भरती केलं आणि दुकान उघडायचं म्हणून लगेच परतले. दादाला कळवलं नाही. त्याला टेन्शन नको. विचारेल तेव्हा सांगेन.

२ एप्रिल
दादाचा फोन! चार मिनिटं. साडेतीन मिनिटं त्याचे रिपोर्ट, मग, ‘तुयं कसं?’ मी म्हणालो, एकदम फर्स्ट क्लास. हे विचारणं धरायचं नाही, सवयीने विचारलं. मनापासून विचारेल तेव्हा सांगेन.

२० मे
दादा आर्वीला घरी आला. दारात बँड लावला होता. मला बोलावणं होतं, पण एसटीत दीड तास बसवत नाही. दुकानात गर्दी आहे असं कळवलं. (भैय्याजी म्हणाले, तुझ्या कामाचं जूननंतर पाहू.) हरकत नाही. रक्त तपासायला दादाला वर्ध्याला यायचंच आहे.

१७ जून
खोकलं की टाक्यांशी फुगवटा येतो. लिंबाएवढा. पोटाचे व्यायाम सुरू करणार. दादा महिन्यात दोनदा वर्ध्याला येऊन गेला असं कळलं. घाईत असेल. खुर्च्या शकुंतलाबाईंनी परत नेल्या.

८ जुलै
व्यायाम अंगलट आला. आता संत्र्याएवढा. हर्निया म्हणतात. तिसऱ्यांदा पोट उघडणार, १६ ऑगस्टला. तोवर पट्टा बांधायचा.

१० ऑगस्ट
दादा रविवारी येतोय!! स्वतःहून म्हणाला. खोली धुतली. खुर्च्या पुन्हा आणल्या. बाहेरचं त्याला चालत नाही, म्हणून शकुंतलाबाईंना कमी तेलाचे पोहे सांगितले. या वेळी सगळं सांगायचं, मार्चपासून क्रमाने. तो रडला तर पाणी जवळ असू द्यावं.

१२ ऑगस्ट, रविवार
दादा आला. सोबत अल्लीपूरचे बापूराव आणि त्यांचा धाकटा भाऊ कैलास. बापूरावांना लिव्हर हवंय, कैलास देणार आहे. दादाने मला दाखवायला त्यांना आणलं होतं. म्हणाला, ‘पाहा, सहा महिन्यांत कसा टनाटन झाला! डोनरले काईच होत नाई. इचारा याले.’

मी पोट आत ओढून उभा राहिलो. दादाचं तोंड इतकं खुललं होतं की ‘हो’ म्हणून गेलो.

कैलास भला माणूस. म्हणाला, ‘भाऊ, टाके दाखवता का?’ मी शर्ट वर केला, पट्टा सोडला. फुगवटा बाहेर आला. मग कैलासने विचारलं, कितीदा उघडलं? मी सांगितलं, दोनदा, तिसरं गुरुवारी.

दादा बराच वेळ पोटाकडे बघत होता. आता विचारेल म्हणून मी थांबलो. त्याने बापूरावांकडे वळून सांगितलं, ‘सगळ्याईचं असं होत नाई.’

ते गेले. पोहे तसेच राहिले. मला फार वाईट वाटलं.

१५ ऑगस्ट, नागपूर
उद्या ऑपरेशन. सोबत शकुंतलाबाई आल्या आहेत. फॉर्मवर नातेवाइकाची सही लागते. त्यांनी केली. मग ‘रुग्णाशी नातं’ यावर पेन अडलं. म्हणाल्या, ‘इथं काय लिवू, गजेंद्रभाऊ?’ मी बराच विचार केला. घरमालकीण लिहा म्हणालो.